म्हैसूरची ‘आकाशवाणी’ : एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण पहिल्या दिवशी लिहिलेला मजकूर दुसऱ्या दिवशी वाचला तर त्यात तुमच्या एकाही मुद्द्याचं उत्तर नव्हतं, नुसता फणकारा होता. तो पुसून टाकला. हे नव्याने लिहिते आहे.

मागच्या महिन्यातला लेख ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ च्या सप्टेंबरात ‘विठ्ठल विहार’ या आपल्या राहत्या घरी ३० वॅटचा प्रक्षेपक (ट्रान्समीटर) बसवून रेडिओ केंद्र सुरू केलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘आकाशवाणी’. लेख त्या केंद्राबद्दल होता. त्यावर तुम्ही लिहिलंत (मी आवरून देते आहे, तुमचा सूर तेवढा इथे उतरणार नाही): हे देशातलं पहिलं खासगी केंद्र नव्हे. आकाशवाणी हे नाव रवींद्रनाथांनी दिलं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. ३० वॅटला केंद्र म्हणणं म्हणजे टेबलफॅनला पवनचक्की म्हणणं, आणि तेवढ्यावर ‘अख्खं म्हैसूर संस्थान कान देऊन ऐकत असे’ हे वाक्य तर निव्वळ थाप. शीर्षकात ‘एएम केंद्र’ म्हणता, पण मध्यम लहरी (मीडियम वेव्ह) की लघु लहरी (शॉर्ट वेव्ह) याचा पत्ता नाही. आणि शेवटी, ‘गहिवर काढून इतिहास होत नाही.’

पहिल्या मुद्द्यावर मी साफ चुकले. वाद घालायला जागाच नाही.

मुंबईच्या रेडिओ क्लबने जून १९२३ मध्ये कार्यक्रम प्रसारित केले होते, त्याच वर्षी कलकत्त्याच्या क्लबनेही. मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब १९२४ चा. हे सगळे हौशी लोक होते, सरकारी नव्हेत. त्यानंतर २३ जुलै १९२७ ला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईचं केंद्र सुरू झालं, तेही इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं, म्हणजे भागभांडवलावर उभ्या राहिलेल्या खासगी कंपनीचं. या रांगेत म्हैसूरचे प्राध्यापक बरेच मागे उभे आहेत. आपल्याकडे इतिहास लिहायला बसलं की हात आपोआप ‘पहिला’ या शब्दाकडे जातो. पहिला वर्तमानपत्रवाला, पहिली पदवीधर, पहिला बोलपट. माझाही गेला. त्या शब्दाने लेखाला भाव येतो असं वाटतं, आणि खरं तर त्यामुळेच मूळ गोष्ट झाकली जाते. ती कोणती, ते पुढे सांगते.

नावाच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही.

रवींद्रनाथांची कविता आहे, हे खरं. कलकत्त्याच्या लघुलहरी प्रक्षेपकाच्या निमित्ताने ती १९३८ मध्ये लिहिली गेली आणि तिच्यात हा शब्द आहे. पण १९३५ हे १९३८ च्या आधी येतं, एवढा हिशेब तर शाळेतल्या पोरालाही जमतो. (क्षमा करा, फणकारा पूर्ण पुसला गेला नाही.) म्हैसूरमध्ये हे नाव सुचवण्याचं श्रेय ना. कस्तुरी यांना दिलं जातं. कन्नडमधले नावाजलेले विनोदी लेखक, त्याच कॉलेजात शिकवणारे आणि त्या केंद्रात वावरणारे. विनोदी लेखकाने ठेवलेलं नाव म्हणून त्याकडे पाहिलं की त्यातली खोच कळते. एका प्राध्यापकाच्या बंगलीतल्या खोलीतून येणाऱ्या आवाजाला देववाणीचं नाव! आज आपल्याला ते गंभीर आणि सरकारी वाटतं, कारण आपण ते सात दशकं बातम्यांच्या आधी ऐकत आलो आहोत.

शब्द काही कोणी घडवलेला नाही. देवकीला सासरी पोचवायला निघालेल्या कंसाने ऐकली तीही आकाशवाणीच. कीर्तनात, पोथीत, आजीच्या गोष्टीत तो शब्द होता, बंगालीत होता, कन्नडमध्ये होता, मराठीत होता. आकाशातून माणूस न दिसता आवाज येतो म्हटल्यावर म्हैसूरच्या माणसाला आणि शांतिनिकेतनच्या कवीला एकच शब्द सुचावा यात नवल काय? तेव्हा ‘शब्द कोणी दिला’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. ‘हे नाव केंद्राच्या दारावर आधी कोणी लावलं’ याला आहे, आणि त्याचं उत्तर म्हैसूर हेच आहे. ऑल इंडिया रेडिओने ते पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात घेतलं. त्याच्या कितीतरी आधी, १९५० मध्ये, हे नाव मिरवलेलं केंद्रच मुळी सरकारच्या ताब्यात आलं होतं. म्हणजे नाव शोधायला फार लांब जायची गरज नव्हती.

आता वॅट. तुम्ही आयुष्यभर प्रक्षेपणाच्या कामात होतात असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं, त्यामुळे या परिच्छेदात मी जरा जपून चालते. चुकले तर कान धरा.

३० वॅट म्हणजे घरातला एक मंद दिवा, हे ऐकायला झकास आहे. पण प्रक्षेपकाची ताकद आणि पोचण्याचं अंतर सरळ प्रमाणात वाढत नाहीत, हे तुम्हीच मला सांगायला हवं होतं. लहरींची तीव्रता, म्हणजे सिग्नलचा जोर, शक्तीच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढते. मुंबईचा कंपनीचा प्रक्षेपक दीड किलोवॅटचा होता, म्हैसूरच्या पन्नासपट. पण पन्नासचं वर्गमूळ सात. म्हणजे सारख्या अंतरावर मुंबईचा आवाज म्हैसूरपेक्षा सुमारे सातपट तीव्र, पन्नासपट नव्हे. मुंबई केंद्राची भरवशाची पोच साधारण ४८ किलोमीटर सांगितली जाते. ढोबळमानाने तिला सातने भागा, सातेक किलोमीटर उरतात. जमिनीलगतच्या लहरी लांब जाताना वाढत्या वेगाने क्षीण होतात, त्यामुळे जवळच्या अंतराला प्रत्यक्षात थोडी सवलतच मिळते. अर्थात अँटेना किती उंच, जमीन किती ओलसर, तरंगलांबी कोणती यावर हे सगळं हलतं. पण लाखभर वस्तीचं तेव्हाचं म्हैसूर शहर एवढ्या वर्तुळात आरामात बसतं.

दुसरी गोष्ट आवाजाच्या कचऱ्याची. आज एएम लावलं की खरखर येते, ती निम्मी आपल्याच घरातून येते. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर. १९३५ च्या घरात हे काहीच नव्हतं. शांत हवेत, गच्चीवर लांबलचक तार ताणून बसलेल्या माणसाला क्षीण सिग्नलही स्वच्छ लागायचा. ३० वॅटला आजच्या खरखरीत मोजणं म्हणजे कंदिलाच्या काळातल्या माणसाला ‘अंधारात कसं वाचायचास रे?’ असं विचारण्यासारखं आहे. त्याला तो अंधार वाटतच नव्हता.

आणि ३० वॅटला केंद्र म्हणायचं नसेल तर मद्रासच्या क्लबलाही म्हणता येणार नाही, त्यांनी ४० वॅटवर सुरुवात केली होती. आजच्या सामुदायिक रेडिओलाही नाही. तिथे पाच ते दहा किलोमीटर पोच अपेक्षित आहे आणि त्यासाठी १०० वॅट प्रभावी शक्ती पुरेशी मानली जाते. तुलना काटेकोर नाही, तो एफएम आहे आणि शक्ती मोजण्याची पद्धतही वेगळी. पण ‘एवढ्याशा वॅटात केंद्र होत नाही’ हे म्हणणं त्याने निकालात निघतं. गोपालस्वामींनी पुढे २५० वॅटचा प्रक्षेपक आणला, म्हणजे आठपट शक्ती आणि वर्गमुळाच्या हिशेबाने जेमतेम तिप्पट तीव्रता. त्यासाठी किती खटाटोप करावा लागला असेल, हे तुमच्याइतकं कोणाला कळणार?

‘अख्खं संस्थान’ हे मात्र थापच होतं. म्हैसूर संस्थान एकोणतीस हजार चौरस मैलांचं, शिमोग्यापासून कोलारपर्यंत. ३० वॅटवर तिथे कोणी काही ऐकलं असेल तर ती खरी पौराणिक आकाशवाणी. ‘संस्थान’ खोडून ‘शहर’ केलं आहे.

एएमबद्दल. मध्यम लहरी आणि लघु लहरी दोन्हींवर आवाज चढवायची पद्धत एकच, लहरीची उंची कमी-जास्त करण्याची. बोलताना आपण एएम म्हणजे मध्यम लहरी असं धरतो, ते बोलण्यापुरतं ठीक. गंमत अशी की १९३५ मध्ये कोणतंच केंद्र स्वतःला ‘एएम केंद्र’ म्हणत नव्हतं. दुसरा प्रकारच बाजारात नव्हता. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकी संशोधकाने न्यूयॉर्कच्या रेडिओ अभियंत्यांसमोर एफएमचं प्रात्यक्षिक दाखवलं ते ५ नोव्हेंबर १९३५ ला, म्हणजे म्हैसूरचं केंद्र सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांनी. एफएम आपल्याकडे यायला १९७७ उजाडलं, तेही मद्रासला. तेव्हा मूळ लेखाच्या शीर्षकातलं ‘एएम केंद्र’ हे आजच्या वाचकासाठीचं लेबल आहे, बरणीवर नंतर चिकटवलेलं.

उरला गहिवर. यावर जरा सविस्तर बोलू दे, कारण लेखात मला जे म्हणायचं होतं ते नीट म्हटलं गेलं नाही आणि तुम्हाला जो गहिवर वाटला तो त्या रिकाम्या जागेत जाऊन बसला.

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी बघा. अधिकृत भांडवल १५ लाख, त्यातले प्रत्यक्ष जमले ६ लाख, आणि साडेचार लाख तर मुंबई-कलकत्त्याची दोन केंद्रं उभारण्यातच गेले. रेडिओच्या परवान्याचे वर्षाला दहा रुपये, त्यातला मोठा वाटा कंपनीला. देशातली दोन सर्वांत श्रीमंत शहरं हाताशी. तरी तीन वर्षंही धड निघाली नाहीत. मार्च १९३० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि एप्रिलपासून सरकारने कारभार हातात घेतला. मद्रासचा क्लब तर त्याआधीच, १९२७ मध्ये, पैशाअभावी बंद पडला होता. पुढे मद्रास महापालिकेने त्याचाच प्रक्षेपक घेऊन १९३० मध्ये प्रसारण सुरू केलं. हे डोळ्यांपुढे असताना, पाच वर्षांनी, म्हैसूरसारख्या लहान शहरात एक मास्तर स्वतःच्या पैशाने तेच करायला निघतो आणि चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला संस्थानाने केंद्र हाती घेईपर्यंत ते चालवून दाखवतो. लाखोंची कंपनी बुडाली तिथे हे कसं तगलं? मला कुतूहल त्याचं होतं. ‘पहिलं’ या शब्दाने ते झाकलं गेलं.

माझं उत्तर असं आहे. तगण्याचं एक कारण वीज. कावेरीवर शिवनसमुद्रम् इथे १९०२ मध्ये जलविद्युत केंद्र झालं, आधी वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली, १९०८ मध्ये म्हैसूर शहरात दिवे लागले. प्रक्षेपकाच्या व्हॉल्व्हना उपाशी ठेवून चालत नाही. १९३५ मध्ये देशातली कितीतरी त्याच आकाराची शहरं या एका कारणासाठी बाद होती. दुसरं कारण विद्यापीठ. संस्थानाचं स्वतःचं विद्यापीठ १९१६ पासून होतं, म्हणजे भाषणं लिहिणारी, वाचणारी, नाटकं बसवणारी माणसं चालत येण्याच्या अंतरावर. शिवाय दरबारामुळे शहरात गाणारे-वाजवणारे पिढ्यान्‌पिढ्यांचे. कंपनीला ज्या गोष्टींना रोख पैसे मोजावे लागायचे त्यातल्या निम्म्या इथे ओळखीवर मिळत होत्या. जागेचं भाडं नाही, कारण स्टुडिओ घरातच. कंपनीला नफा हवा होता, प्राध्यापकांना नको होता. लंडनला मानसशास्त्रज्ञ स्पीअरमनच्या हाताखाली शिकून आलेला, मन मोजण्याच्या शास्त्रात मुरलेला हा माणूस. न दिसणाऱ्या श्रोत्यांशी बोलण्याची ओढ त्याला का लागली असावी याचा मी लेखात नुसता तर्क केला होता. तो तुम्हाला गहिवर वाटला, तर वाटो.

आणखी एक कारण कायद्यातलं. ब्रिटिश मुलखात १९३३ च्या कायद्याने बिनपरवाना साधा रेडिओ बाळगणंसुद्धा गुन्हा होता. संस्थानांचा कारभार वेगळा. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात तर कलम १२९ खास प्रसारणावर होतं. प्रांतांना आणि संघराज्यात सामील होणाऱ्या संस्थानांना स्वतःचे प्रक्षेपक उभारून चालवायचे असतील तर केंद्राने विनाकारण अडवू नये, असा त्याचा मथितार्थ. ते संघराज्य कधी झालंच नाही, पण प्रसारण हे दिल्लीच्या एकटीच्या मालकीचं नसावं हा विचार त्या काळी कागदावर होता, हे विसरायला झालं आहे. स्वातंत्र्याच्या वेळचा आकडा पाहा. भारताच्या वाट्याला ऑल इंडिया रेडिओची केंद्रं आली सहा : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ, तिरुचिरापल्ली. आणि संस्थानांची होती पाच : म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, औरंगाबाद, बडोदा. सहाला पाच! मराठी वाचकांसाठी मुद्दाम सांगते, यातलं एक निजामाचं मराठवाड्यातलं आणि एक गायकवाडांचं.

१९५० पर्यंत ही पाचही ऑल इंडिया रेडिओत विलीन झाली. संस्थानं गेली, केंद्रंही गेली, ते क्रमाने आलंच. विलीनीकरण चूक होतं असं मी लेखात म्हटलेलं नाही, तुम्ही ते ओढूनताणून माझ्या तोंडी घातलंत. मी एवढंच म्हटलं की यानंतर ‘शहराने स्वतः चालवलेला रेडिओ’ ही कल्पनाच आपल्या डोक्यातून पुसली गेली. रेडिओ म्हणजे सरकार, असं समीकरण झालं. २००१ मध्ये बंगळुरात पहिलं खासगी एफएम सुरू झालं तेव्हा ते आपल्याला अगदी नवं, परदेशी काहीतरी वाटलं. तिथून दोन-तीन तासांवरच्या म्हैसूरमध्ये छासष्ट वर्षांपूर्वी काय झालं होतं याची आठवण किती जणांना होती?

‘पुरावा म्हणून एक तरी ध्वनिमुद्रण दाखवा’ असं तुम्ही लिहिलंत. दाखवता येणार नाही, आणि तो काही माझा आळस नाही. तेव्हा सगळं थेट जायचं. फितीवर आवाज पकडणारं जर्मन यंत्र जगापुढे आलं तेच मुळी ऑगस्ट १९३५ मध्ये, बर्लिनच्या प्रदर्शनात. म्हैसूरला ते कुठून असणार? गायलं, बोललं, हवेत गेलं. लहान केंद्रांचा इतिहास म्हणून माणसांच्या आठवणींवर आणि विखुरलेल्या कागदांवर उभा असतो, आणि आठवणीत एखादं वर्ष मागेपुढे होतं. तो धोका पत्करून लिहायचं की मोठ्या केंद्रांच्या फायली आहेत म्हणून तेवढंच लिहायचं? तुम्ही स्वतः इतकी वर्षं त्या कामात होतात. तुमच्या केंद्रावर रात्रपाळीत काय काय झालं, त्यातलं किती फाइलीत आहे?

शेवटचा तुमचा टोमणा असा होता की ‘केंद्र इतकं थोर होतं तर मग आज त्याचं नावही कोणी का घेत नाही?’ नाव तर रोज घेतलं जातं. फक्त ते कोणाचं आहे ते माहीत नसतं. तमिळनाडूने हे नाव स्वीकारलं नाही, तिथे ‘वानोली’ चालतं. बाकी बहुतेकांनी ते अंगवळणी पाडून घेतलं, आणि मे २०२३ मध्ये तर ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव बाजूला ठेवून सगळीकडे फक्त ‘आकाशवाणी’च म्हणायचं असा निर्णय झाला. मात्र म्हैसूरचं केंद्र १९५५ मध्ये उचलून बंगळुरात नेलं गेलं. म्हैसूरला पुन्हा केंद्र मिळालं ते १९७४ मध्ये, गोपालस्वामींच्या घरापासून दोनशे यार्डांवर. मधली जवळजवळ दोन दशकं देशभर ‘ये आकाशवाणी है’ घुमत होतं आणि ज्या शहराने हे नाव ठेवलं त्याच शहरात आकाशवाणीचं केंद्र नव्हतं.

मूळ लेखात दुरुस्त्या केल्या आहेत. ‘देशातलं पहिलं खासगी’ काढलं, ‘संस्थान’चं ‘शहर’ केलं, मद्रासच्या क्लबवर एक परिच्छेद वाढवला. त्या परिच्छेदाखाली ‘एका वाचकाने लक्षात आणून दिल्यावरून’ असं लिहिलं आहे. तुमचं नाव घालायचं असेल तर कळवा. रवींद्रनाथांबद्दलचं वाक्य होतं तसंच ठेवलं आहे.